बुरुजावरून पडलेला सरदार

रवींद्र मोहरील यांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे, आणि गंमत अशी की त्याचाच त्यांना पगार मिळत होता. मिनिॲपोलिसजवळ एका कारखान्यात वाफेचा दाब मोजणारी घड्याळं बनत. ती घड्याळं खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. काटा कितीही शहाण्यासारखा शून्यावर उभा असला तरी ते त्याला टिचकी मारून बघत. रिटायर झाले तेव्हा कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर त्यांनी ते घरी येऊन मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, आणि दीड मिनिट मागे आहे म्हणून कळवलंसुद्धा.

घरात तरी वेगळं काय असणार! दुधाच्या डब्यावरची तारीख वाचून झाली की माणूस वर दूध हुंगायचा. टीव्हीवर बर्फाचा इशारा आला की दार उघडून आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "बर्फावर टाकायचं मीठ खपवायचंय यांना." ईडन प्रेरी या त्यांच्या उपनगरातला शेजारी, बिचारा सत्तरीचा देवमाणूस, कुंपणापलीकडून हात हलवून हसला, की हे बायकोला विचारणार, "आज काय काम काढलंय यानं?" सुलभाकाकूंनी एक्केचाळीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला. त्यांना कुणी विचारलं की कसं जमलं हो, तर त्या म्हणत, "मी नवीन भाजी केली की पहिला घास मीच खाते. मग ते खातात."

पण या संशयी माणसाचा एका गोष्टीवर मात्र गाढ विश्वास होता. ती म्हणजे नऊ वर्षांचे असताना, एकोणपन्नास साली, अकोल्यात त्यांनी बघितलेला तलवारींचा इंग्रजी सिनेमा.

महाराष्ट्र मंडळाची कुठलीही पंगत उठली, मसालेभात अंगावर आला आणि माणसं सोफ्यावर रेलली, की रवींद्रराव तो सिनेमा सांगायला घेत. हॉलिवूडचा जुना रंगीत सिनेमा, कुठल्याशा जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवरून काढलेला. बारीक मिशीचा नायक, झुंबराला लोंबकळून या सज्जातून त्या सज्जात जाणारा. समुद्राकाठचा किल्ला. नायकाचा म्हातारा बाप तिथला सरदार, आणि दगाबाज सेनापती त्याला बुरुजावरून खाली समुद्रात ढकलून देतो. "आणि मग शेवटी," रवींद्रराव सोफ्याच्या कडेला सरकत, "सेनापती मेला, चर्चमध्ये नायकाचं लग्न लागतंय, घंटा वाजतायत. तिथे एक साधू उभा, झग्याची टोपी तोंडावर ओढलेली. तो हात वर करतो. नायक बघतच राहतो. साधू टोपी मागे सारतो, आणि कोण असतो? बाप! पोहून आलेला! कोळ्यांनी वाचवलेला!" इथे त्यांचा आवाज दरवेळी घोगरा होई. मंडळातल्या जुन्या लोकांना हे सगळं पाठ होतं, तरी टोपी मागे सारायच्या जागी सगळे गप्प बसत. माणूस सांगायचाच तसा.

तर झालं असं, की दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत त्यांच्या सहासष्टाव्या वाढदिवसाला आश्लेषानं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, त्या सिनेमाची डीव्हीडी आणली. आश्लेषा पंधरा मिनिटांवर राहायची आणि एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. चार वर्षांची असल्यापासून इथली, त्यामुळे तिचं मराठी बरंचसं इंग्रजीच्या आधारानं चाले. "बाबा, इंटरनेटवर सहा महिने सर्च केलं. फायनली सापडलं, यार!" ती म्हणाली. बेसमेंटमध्ये तिघं बसली. झुंबर आलं, किल्ला आला, बाप बुरुजावरून पडला. रवींद्ररावांनी तो पडायच्या आधीच डोळे मिटले होते. शेवटी चर्च आलं, साधू आला, त्यानं हात वर केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. सिनेमा संपला.

"हे काय?" रवींद्रराव म्हणाले. "टोपी?"

त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. साधूनं हात वर केला, सिनेमा संपला. पुन्हा लावलं. असं सात वेळा. साधूनं काही टोपी काढली नाही.

"कापलाय," ते म्हणाले. "चोरांनी सीन कापलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी अतिशय सभ्य उत्तर आलं की सिनेमा संपूर्ण आहे, एक मिनिटही कापलेलं नाही, आणि आपल्या आवडीबद्दल आभार. त्या आभारांमुळे तर त्यांचा संशय पक्काच झाला. उगाच कोण कुणाचे आभार मानतं! मग त्यांनी काउंटीच्या लायब्ररीतून ती मूळ कादंबरी मागवली. सहाशे वीस पानं. डिक्शनरी मांडीवर घेऊन पंधरा दिवसांत वाचली. कादंबरीत बाप बुरुजावरून पडतो, दुसऱ्या दिवशी कोळ्यांना त्याचं प्रेत सापडतं आणि गावाच्या दफनभूमीत त्याला पुरतात. साधू वेगळाच कुणी, पहिल्या प्रकरणापासून साधूच असलेला. रवींद्ररावांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून आवृत्ती कितवी ते बघितलं. "नंतरची आहे," ते म्हणाले. "बदलली असणार."

सुलभाकाकू त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. नेहमी त्या हसायच्या, या वेळी हसल्या नाहीत. ते रवींद्ररावांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

न हसायला कारण होतं. त्याच वर्षी जानेवारीत रवींद्रराव दूध आणायला म्हणून गाडी घेऊन निघाले होते. दुकान पाच मिनिटांवर, आणि माणूस तीन तास बेपत्ता. शेवटी फोन आला तो मँकेटोहून, साठ-सत्तर मैल दक्षिणेला. पेट्रोल पंपावरून बोलत होते. "रस्ता छान होता, विचारात होतो, गेलो पुढे," असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर मात्र "मुद्दामच गेलो होतो," असं सांगितलं. खरं काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि मला विचाराल तर त्यांनाही धड ठाऊक नसावं. त्या तीन तासांबद्दल ते स्वतःशीसुद्धा बोलत नसत.

एप्रिलमध्ये फ्रिजवरच्या कॅलेंडरात एका सोमवारच्या चौकोनात 'डॉ. १०' एवढंच लिहिलेलं त्यांना दिसलं.

"हे कुणाचं?"

"माझं बीपी," सुलभाकाकू म्हणाल्या, आणि कोथिंबीर निवडायला लागल्या. निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडायला लागल्या, हे रवींद्ररावांच्या नजरेतून सुटतंय होय!

शुक्रवारी संध्याकाळी आश्लेषा आली, शनिवार-रविवार राहायच्या तयारीनंच. मायलेकी खाली बेसमेंटमध्ये कपडे घड्या घालायला गेल्या. आता दोन टॉवेलांना दोन माणसं कशाला लागतात? रवींद्रराव मोजे काढून दबक्या पावलांनी न्हाणीघरात गेले आणि जमिनीतल्या हीटरच्या जाळीशी कान लावून चक्क पालथे झोपले. या घरांत गरम हवेबरोबर खालचं बोलणंही वर येतं. तीस वर्षं त्या घरात राहून त्यांना हे माहीत होतं, बाकी कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं.

"आई, फक्त मँकेटो असतं तर मी इग्नोर केलं असतं," आश्लेषाचा आवाज येत होता. "पण जो सीन एक्झिस्टच करत नाही, तो त्यांना क्लिअर आठवतो. आणि प्रूफ दाखवलं तरी ऐकत नाहीत. मी हॉस्पिटलमध्ये रोज असे पेशंट्स बघते. इट स्टार्ट्स लाइक धिस."

"ते आधीपासूनच असे आहेत गं. संशयी."

"आधी ते बरोबर असायचे, आई. सोमवारी मेमरी टेस्ट होऊ दे. फेल झाले तर कीज काढून घ्याव्या लागतील. तू त्यांना सांगशील की मी सांगू?"

सुलभाकाकू रडत होत्या. जाळीतून नाक ओढल्याचा आवाज स्पष्ट आला.

रवींद्रराव फरशीवरून उठले तेव्हा त्यांच्या गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. आरशात स्वतःकडे बघत ते उभे राहिले. भीती वाटली त्यांना. ईडन प्रेरीत गाडीची किल्ली गेली की माणूस संपला. तिथे कोपऱ्यावर वाणी नाही, चालत जायला नाका नाही, हिवाळ्यात सहा महिने दारासमोर बर्फाचा ढीग. कुठेही जायचं म्हटलं की बायकोकडे, मुलीकडे तोंड वेंगाडायचं. आणि किल्लीचं तर जाऊच दे. तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचाच काटा हललाय, असं लोक म्हणणार. त्याहून वाईट म्हणजे, ते खरं असलं तर?

एकच साक्षीदार उरला होता. नागपूरला राहणारी त्यांची थोरली बहीण अहिल्याताई. तो सिनेमा दाखवायला तिनंच नेलं होतं. शेजारी बसून सगळा सिनेमा कानात मराठीतून तिनंच सांगितला होता, कारण रवींद्ररावांना तेव्हा इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्या काळी अकोल्यात असंच चाले. ज्याला चार शब्द कळत तो सांगे आणि आजूबाजूचे पाच जण ऐकत.

मग इतके दिवस तिला का विचारलं नाही? अहो, तीच तर अडचण होती! अहिल्याताई म्हणजे घराण्यात नावाजलेली थापाडी. परीक्षेत नापास झाली तर पेपर बैलानं खाल्ला म्हणून सांगणारी. रवींद्ररावांनी तिच्या एकाही शब्दावर जन्मात विश्वास ठेवला नव्हता. दिवाळीला फोन करायचा, तब्येत विचारायची, तिनं सांगितलेली तब्येत निम्म्यानं खरी धरायची, एवढाच संबंध. पण आता दुसरं होतंच कोण?

शनिवारी सकाळी नऊला, म्हणजे नागपूरला रात्रीची जेवणं उरकायच्या सुमाराला, त्यांनी वरच्या खोलीचं दार लावून घेतलं. फोन कार्डाचा दहा आकडी नंबर त्यांनी कार्डाकडे न बघता दाबला आणि तेवढ्यानंही त्यांना जरा धीर आला.

"ताई, मी रवी. एक विचारायचंय. आणि खरं सांग."

"अगंबाई, दिवाळी नाही काही नाही! बोल."

"आपण अकोल्याला तलवारींचा सिनेमा बघितला होता. शेवटी तो साधू टोपी काढतो आणि बाप निघतो. काढतो ना?"

पलीकडे कुणीतरी ताटं गोळा करत होतं.

"नाही रे," अहिल्याताई म्हणाली. "नाही काढत."

रवींद्ररावांनी खाटेचा काठ धरला. "नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? तो साधू हात वर करतो आणि दिवे लागतात. टोपी मी काढली. म्हणजे मी तुला तसं सांगितलं. दिवे लागले, गर्दी उठली, तू बाकावर उभं राहून विचारत होतास, बाप कुठाय, बाप कुठाय. मी म्हटलं, अरे तो साधू म्हणजेच बाप, टोपी मागे केली तेव्हा तू दुसरीकडे बघत होतास वाटतं. तू म्हणालास, नाही, मी बघितली. आणि तेव्हापासून तू ती बघितलेलीच आहेस."

म्हणजे डोकं शाबूत होतं! जसं घातलं होतं तसंच्या तसं सत्तावन्न वर्षं आत राहिलं होतं. दुसऱ्या कुणीही इथे आनंदानं उडी मारली असती. पण मोहरील ते मोहरील. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिला कुणीतरी पढवलंय.

"ताई, आश्लेषाचा फोन आला होता तुला?"

"आला होता. काल."

"वाटलंच मला!"

"अरे ऐक तरी, वाटलंच काय! पोरगी म्हणाली, आत्या, बाबांनी विचारलं तर सरळ हो म्हण, सीन होता म्हण, त्यांना बरं वाटेल. मी म्हटलं म्हणते. माझं काय जातंय, मी आयुष्यभर थापाच मारल्या. पण तू विचारलंस तसं माझी जीभच रेटेना."

पढवलेलं उत्तर 'हो' होतं. ताईनं 'नाही' सांगितलं होतं. तिनं सांगितलेलं सगळं त्यांनी उलटसुलट करून बघितलं, टिचकी मारून बघितलं. काटा हलेना.

"पण का?" ते म्हणाले. "सिनेमातला बाप मेला तर मेला. मला खोटं का सांगितलंस?"

"तू त्या दिवशी शाळेतून कसा आलास आठवतं?"

"तू आलीस न्यायला. तू म्हणालीस, मास्तरांना सांगितलंय, चल सिनेमाला. मला वाटलं तुझी नेहमीची थाप."

"थापच होती. सकाळी तार आली होती, रवी. मुंबईहून काकांची. तिथल्या हॉस्पिटलात पहाटे बाबा वारले."

खोलीत एकदम उकडायला लागलं. हीटर चालू झाला होता.

"नाही," रवींद्रराव म्हणाले. "बाबा नंतर गेले. काका अस्थी घेऊन आले तेव्हा कळलं."

"तुला तेव्हा कळलं. काकांनी तिथेच सगळं केलं, त्यांना यायला तीन दिवस लागले. आई घरात भिंतीवर डोकं आपटत होती. आत्याबाई मला म्हणाल्या, धाकट्याला आज घरी आणू नकोस, कुठेतरी ने. आता कुठे नेऊ? ज्याच्या दारात जाऊ तो 'अरेरे पोरक्यांनो' म्हणणार आणि तुला कळणार. सगळं गाव ओळखीचं. अंधार असलेली, कुणी तोंड न बघणारी एकच जागा मला माहीत होती. बापाच्या मरणाच्या दिवशी मी सिनेमाला जाऊन बसले, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. लोकांनी फाडून खाल्लं असतं मला. आणि नशीब बघ, त्या मेल्या सिनेमात पण बाप मरतो! तू माझा हात इतका घट्ट धरलास की मला वाटलं तुला कळलं. मग मी सांगत सुटले. पोहतोय, वाचतोय, येणार आहे. इंग्रजी मला तरी कुठे येत होतं!"

रवींद्ररावांना आधी संताप आला. सत्तावन्न वर्षं! सत्तावन्न वर्षं माणसाला त्याच्या बापाच्या मरणाचा दिवस ठाऊक नाही, आणि तो पंगतीपंगतीला तो दिवस रंगवून सांगतोय! ते ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं.

"तू तेव्हा किती वर्षांची होतीस, ताई?" त्यांच्या तोंडून निघालं.

"चौदा पुरी व्हायची होती."

"आणि तू कधी रडलीस?"

"तुला शेजारच्या मावशींकडे झोपवलं, मग रडले," ती म्हणाली. "सिनेमात कसं रडणार? सांगत होते ना तुला."

कार्डावरची मिनिटं संपत आल्याचं यंत्रातली बाई इंग्रजीत सांगायला लागली. "ठेव आता," अहिल्याताई म्हणाली, "आणि जेवत जा वेळेवर," आणि फोन कट झाला. रवींद्रराव खाटेवर बसून रडले. सहासष्ट वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडला, आणि आपला आवाज त्या हीटरच्या नळीतून खाली जातोय याचंही त्यांना भान राहिलं नाही. सुलभाकाकू आणि आश्लेषा जिन्यानं धावत वर आल्या.

"अहो, काय झालं?"

"बाबा गेले," ते म्हणाले.

आश्लेषाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं आईकडे बघितलं. "बाबा," ती अगदी हळू, पेशंटशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "आजोबा फोर्टी-नाइनमध्ये गेले."

"माहीत आहे मला. वेड नाही लागलंय. मला आज कळवलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शाळा, तार, अंधार, ताईचा हात. सांगताना ते नेहमीसारखे कडेला सरकले नाहीत की आवाज चढवला नाही. सुलभाकाकूंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. आश्लेषा खाली गालिच्यावर बसली होती आणि डोळे पुसत होती. "सो यू वेअर राइट," ती म्हणाली. "तुमच्या मेमरीत काहीच रॉंग नव्हतं. आय ॲम सो सॉरी, बाबा. मी सोमवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करते."

हेच तर त्यांना हवं होतं. यासाठीच ते न्हाणीघरात पालथे पडले होते. किल्ल्या वाचल्या, अब्रू वाचली. हो म्हटलं की संपलं.

पण त्यांना मँकेटोचा तो पेट्रोल पंप आठवला. आपण इथे कुठे आलो, हे काउंटरवरच्या पोराला विचारावं लागलं होतं, ते आठवलं. ते त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कॅन्सल करू नको," ते म्हणाले. "सिनेमाचं उत्तर मिळालं. मँकेटोचं नाही मिळालं. मी मुद्दाम नव्हतो गेलो, सुलभा. मला तासभर रस्ताच ओळखू येत नव्हता."

सुलभाकाकूंचा हात त्यांच्या हातात गार झाला.

"जाऊ सोमवारी. मात्र एक अट आहे. डॉक्टर जे म्हणेल ते तू मला तोंडावर सांगायचं, आश्लेषा. ताईनं सांगितलं तसं नाही. तिनं केलं ते ठीक, मी नऊ वर्षांचा होतो. आता मला साधूबिधू नको. सांगशील?"

"प्रॉमिस," आश्लेषा म्हणाली आणि हसली.

रवींद्रराव तिच्याकडे बघत राहिले. पोरगी जरा जास्तच लवकर हो म्हणाली, असं त्यांना वाटलं.